बेरीज आणि बेरजेतील आकडे

१० मे २०२१ रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेने रुग्णालये भरून वाहत असता, गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील प्रत्येकास, मग त्यास रोग झालेला असो वा नसो, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पाच दिवस देण्याची घोषणा केली. ह्या औषधाने मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटतात असे परदेशांतील तज्ज्ञमंडळींस आढळले आहे, हा त्या घोषणेचा आधार होता. कोविडवर हे औषध केवळ चाचण्यांपुरतेच वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच बजावले होते. पण धामधुमीत ते मागे पडले. त्या दिवसांत घरोघरी कसली ना कसली गोळी घेतली जात होती, हे आमच्या वाचकांस आठवत असेलच. तेव्हा एकट्या मंत्र्यांस बोल लावण्यात अर्थ नाही. तज्ज्ञांचा म्हणून जो आधार सांगितला गेला तो कसला होता, हे मात्र पाहावयास हवे.

तो आधार बेरजेचा होता. शेदोनशे रुग्णांवरील एका चाचणीतून सहसा निर्णायक असे काही निघत नाही, कारण तीत योगायोगाचा अंश मोठा असतो. म्हणून एकाच प्रश्नावरील अनेक चाचण्यांचे निष्कर्ष, प्रत्येकीस तिच्या मगदुराप्रमाणे वजन देऊन, एकत्र करावयाचे, ह्या पद्धतीस मेटा-ॲनालिसिस म्हणतात. नाव १९७६ सालचे, पण कल्पना जुनी आहे. हिंदुस्थानातील व दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश सैनिकांस टोचलेल्या विषमज्वराच्या लशीचे आकडे कार्ल पिअर्सन यांनी १९०४ साली असेच एकत्र केले होते. निरनिराळ्या तुकड्यांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत असे पाहून, आधी रीतसर प्रयोग करा, असा सल्ला त्यांनी दिला. हा सावधपणा पुढच्या अनेकांस साधला नाही.

ही बेरीज वेळेवर न केल्याने काय होते, त्याचेही उदाहरण आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजच्या १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. त्या क्रमाने मांडून १९९२ साली हिशेब केला, तेव्हा दिसून आले की १९७३ पर्यंतच्या आठ चाचण्यांत, अवघ्या २४३२ रुग्णांवरून, औषधाचा गुण सिद्ध झाला होता. पुढील पंधरा वर्षांत तुलनेसाठी निवडलेल्या हजारो रुग्णांस ते मिळाले नाही. तेव्हा बेरजेस नावे ठेवून चालणार नाही.

आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत निराळेच घडले. लिव्हरपूलच्या एका संशोधकगटाने केलेल्या बेरजेत मृत्यू ५६ टक्क्यांनी घटलेले दिसले, आणि जगभर त्याचा गवगवा झाला. त्या बेरजेत ईजिप्तमधील एक अभ्यास होता व मृत्यूंतील घट त्यात नव्वद टक्क्यांच्या घरात दाखविलेली होती. लंडनमधील वैद्यकाच्या एका विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाचे काम म्हणून तो वाचावयास मिळाला. त्याने मूळ आकड्यांची फाइल मिळवली, तिचा परवलीचा शब्द अंदाजाने ओळखला (तो १२३४ असा होता!) आणि आत पाहिले. काही रुग्ण अभ्यास सुरू होण्यापूर्वीच मरण पावले होते; कित्येकांच्या नोंदी एकमेकींच्या हुबेहूब प्रती वाटाव्यात अशा होत्या. १४ जुलै २०२१ रोजी तो अभ्यास मागे घेण्यात आला.

आम्ही काही वर्षे मास्तरकी केली आहे. शेजारच्या दोन वह्यांत एकच चूक एकाच ठिकाणी आढळली की मास्तरास काय ते कळते. पण त्यासाठी वह्या पाहाव्या लागतात, गुणांचा तक्ता पाहून ते कळत नाही. लिव्हरपूलच्या विद्वानांपुढे बहुतांशी तक्ताच होता. संशयास्पद व सदोष चाचण्या वगळून त्यांनी फेरमांडणी केली, तेव्हा प्राण वाचविण्याचा गुण उरला नाही. ती दुरुस्ती जानेवारी २०२२ मध्ये, त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. उलट, उपलब्ध पुराव्यावरून काहीच ठरवता येत नाही, असे कोक्रेन संस्थेने जुलै २०२१ मध्येच कडक निकषांनी म्हटले होते. भारताच्या राष्ट्रीय उपचारसूत्रांतून हे औषध त्याच सप्टेंबरात वगळले गेले, आणि ब्राझीलमधील १३५८ रुग्णांवरील चाचणीतही मार्च २०२२ मध्ये त्याचा उपयोग दिसला नाही.

केवळ सारांशाच्या आकड्यांवर बेरीज करू नये, प्रत्येक रुग्णाची मूळ नोंद मागावी, अशी मागणी त्या विद्यार्थ्यासह पाच संशोधकांनी सप्टेंबर २०२१ मध्ये केली. आमच्या मते ती सर्वस्वी रास्त आहे. रुग्णांच्या खासगीपणाची सबब पुढे केली जाते. परंतु नावगाव काढून नोंदी देता येतात, आणि अशा नोंदी देणारे देतही आहेत. आपल्याकडे २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही असून जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. आकडे इतरांस देणार काय, असा प्रश्न तिच्या अर्जात असतो. पण 'नाही' असे उत्तर देऊनही नोंदणी होते. ही नोंदवही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्याच संस्थेत चालते. निदान सार्वजनिक पैशावर होणाऱ्या चाचण्यांपुरते तरी हे 'नाही' परिषदेने यापुढे स्वीकारू नये. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.