कोटीचं मशीन घेताय? आधी आपला जॉब कापून बघा

मंडळी, आज राजकारणावर लिहीत नाही. पोस्ट मोठी आहे, पण आपल्या एमआयडीसीत ज्याच्या घरचं कुणी कामाला आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

पंधरा दिवसांपूर्वी रात्री साडेनऊला शाळेतला मित्र घरी आला. गोकुळ शिरगावला त्याचं भाड्याचं शेड आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ, सात माणसं. हातात तीन कोटेशन. म्हणाला, "तू पत्रकार हैस, चार ठिकाणी विचारू शकतोस. यातलं कुठलं घेऊ?"

तिन्ही कोटेशन फाइव्ह-ॲक्सिस मशिनिंग सेंटरची. सगळ्यात स्वस्त कोटीच्या जरा अलीकडं, सगळ्यात महाग दोन कोटींच्या पुढं. पुण्याच्या एका पार्टीकडून त्याला चौकशी आलीय. मुठीत मावतील असे स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचे छोटे भाग, टॉलरन्स दहा मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. बँक सातबारा मागतेय. सातबारा वडिलांच्या नावावर आणि वडिलांना यातलं काही माहीत नाही.

खरं सांगायचं तर मला आधी माझीच एक बातमी आठवली. काही वर्षांपूर्वी असंच एक मशीन आलं होतं. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, मी फोटो काढला आणि मथळाही झोकात दिला. दोन वर्षांनी सहज तिथं गेलो तर त्या मशीनवर साधी थ्री-ॲक्सिसची कामं चालू होती. प्रोग्रामर सोडून गेलेला, हप्ता मात्र फाइव्ह-ॲक्सिसचा. ती बातमी मी कधी दिली नाही. म्हणून यावेळी दहा दिवस फिरलो. शेडं बघितली, ऑपरेटर, सर्व्हिस इंजिनियर आणि मोजमाप करणारे यांच्याशी बोललो. जे कळलं ते मांडतो.

पहिला प्रश्न मशीनचा नाही, जॉबचा आहे. साध्या व्हीएमसीला एक्स, वाय, झेड अशा तीन सरळ दिशा असतात. फाइव्ह-ॲक्सिसमध्ये त्यावर दोन फिरण्याच्या हालचाली वाढतात. छोट्या जॉबसाठी बहुतेक वेळा टेबलच झुलतं आणि फिरतं. फायदा असा की जॉब एकदा बांधला की पाच बाजू एका सेटिंगमध्ये होतात. व्हाइसमधून सोडून पुन्हा बांधताना दर वेळी जी थोडी थोडी चूक शिरते, ती टळते. दहा मायक्रॉनच्या कामात तीच चूक जॉब रिजेक्ट करते.

पण पाचही ॲक्सिस एकाच वेळी हलण्याची गरज सगळ्यांना नसते. टर्बाइनचं पातं, इम्पेलर, हाडात बसवायचे वाकडेतिकडे भाग यांना ती लागते. बाकी बऱ्याच कामांना टेबल एका कोनात नेऊन लॉक करायचं आणि मग कापायचं, एवढं पुरतं. याला थ्री प्लस टू म्हणतात. मित्राची चारही ड्रॉइंग जाणकारांना दाखवली. तीन थ्री प्लस टूमध्ये बसतात, एक तर चांगल्या रोटरी टेबलवर आहे त्या व्हीएमसीतच होईल. हे तिन्ही सेल्समनपैकी एकानंही त्याला सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, कॅटलॉगमधला मायक्रॉन. "अचूकता तीन मायक्रॉन" असं ठळक छापलेलं असतं. पण कुठल्या मानकानं मोजलं? आयएसओ 230-2 प्रमाणे मोजलेला आकडा आणि जुन्या जपानी पद्धतीनं मोजलेला आकडा यांची तुलना होत नाही. मशीन तेच असलं तरी जपानी पद्धतीचा आकडा लहान दिसतो. शिवाय हा आकडा बहुधा सरळ ॲक्सिसचा असतो. फिरणाऱ्या ॲक्सिसची चूक आर्क-सेकंदात असते आणि ती मागच्या पानावर बारीक अक्षरात. दहा आर्क-सेकंदाची चूक फिरण्याच्या केंद्रापासून 100 मिलिमीटरवर जवळपास पाच मायक्रॉन होते. म्हणजे दहातला निम्मा टॉलरन्स तिथंच गेला. तोच जॉब केंद्रापासून 25 मिलिमीटरवर असेल तर चूक सव्वा मायक्रॉनच्या आसपास राहते. म्हणून छोट्या जॉबला मोठं टेबल घेणं म्हणजे फायदा, असं समजू नका.

तिसरं, स्पिंडल. छोट्या जॉबला छोटं टूल आणि छोट्या टूलला वेग लागतो. एक मिलिमीटरचं टूल 8,000 आरपीएमवर फिरवलं तर कापण्याचा वेग मिनिटाला जेमतेम 25 मीटर मिळतो. तोच 100 मीटर हवा असेल तर 32,000 आरपीएमच्या आसपास जावं लागतं. स्वस्त कोटेशनमधलं स्पिंडल 12,000 चं आहे. मित्राच्या जॉबमध्ये दीड मिलिमीटरची भोकं आणि खाचे आहेत. आता बोला.

चौथं, आणि माझ्या मते आपल्याकडं सगळ्यात दुर्लक्षित, उष्णता. मोजमापाचं जगभरचं प्रमाण तापमान 20 अंश. आपल्या पत्र्याच्या शेडात एप्रिलमध्ये पहाटे आणि दुपारी दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. अर्धा मीटर लांब पोलाद दहा अंशांनी तापलं तर पन्नास मायक्रॉनच्या वर वाढतं. मशीनमध्ये काचेच्या स्केल असतात, भरपाईची सोय असते, सगळं मान्य. पण जॉब, फिक्स्चर आणि मोजायचा मायक्रोमीटर तर त्याच पत्र्याखाली असतात ना? दोन कोटींचं मशीन घेऊन दहा लाखांची बंद खोली, एसी आणि मोजमापाची सोय करायची नसेल, तर तो मायक्रॉन कॅटलॉगातच राहणार.

पाचवं, मशीन धडकल्यावर काय? धडकणार नाही असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नवीन पोरगा एकदा तरी टूल घालतोच. मग फिरणाऱ्या ॲक्सिसचं केंद्र जरा सरकतं आणि पुढचे सगळे कोन चुकतात. ते केंद्र प्रोब आणि अचूक गोळा वापरून पुन्हा शोधावं लागतं. ही सोय मशीनसोबत मिळते का, तुमच्या माणसाला शिकवणार का, आणि सर्व्हिसवाला कुठून येणार, पुण्याहून की बंगळूरूहून? हे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी नको.

सहावी गोष्ट ऐकून मी स्वतः चकित झालो. 1987 मध्ये जगात मोठा गाजावाजा झाला होता. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं अनेक ॲक्सिसची मिलिंग मशीनं सोव्हिएत रशियाला चोरून विकली होती, आणि ती पाणबुड्यांच्या पंख्यांसाठी वापरली गेल्याचा आरोप होता. अमेरिका खवळली. एकदम पाच ॲक्सिस हलवणाऱ्या मशीनच्या निर्यातीवर आजही परवान्याचं बंधन असतं. आयात करायचं तर कशासाठी वापरणार हे लिहून द्यावं लागतं. काही परदेशी मशीनमध्ये, विशेषतः जपानी, जागेवरून हलवलं की लॉक होणारी यंत्रणा असते. कंपनीचा माणूस येऊन उघडेपर्यंत ते चालू होत नाही. मित्राचं शेड भाड्याचं. उद्या मालकानं जागा खाली करायला सांगितली तर? हा प्रश्न सही करायच्या आधी विचारायचा असतो.

आणि शेवटी माणूस. फाइव्ह-ॲक्सिसचा प्रोग्राम हातानं लिहून होत नाही. कॅम सॉफ्टवेअर लागतं, त्या मशीनसाठीचा नीट पोस्ट-प्रोसेसर लागतो आणि ते चालवणारा लागतो. सॉफ्टवेअरचे पैसे तिन्हींपैकी एकाही कोटेशनमध्ये धरलेले नाहीत. चांगला पोरगा तयार झाला की पुण्याची कंपनी त्याला उचलते. म्हणून एक नको, दोघं शिकवा, आणि त्यांचा पगार हप्त्याच्या हिशेबात धरा.

या सगळ्यावर एकच उपाय मला पटला. आपलं ड्रॉइंग, आपलं मटेरियल विक्रेत्याला द्या. सांगा, याचे दहा पीस कापून दाखवा. पहिला सकाळी थंड मशीनवर, शेवटचा दुपारी. दहाही पीस विक्रेत्याच्या नव्हे, तिसऱ्याच्या सीएमएमवर मोजा. पहिल्या आणि दहाव्या पीसमधला फरक बघा. तो फरक कॅटलॉगच्या चाळीस पानांपेक्षा जास्त बोलतो.

आता सार्वजनिक मुद्दा. सात माणसांच्या शेडवाल्यानं हे सगळं एकट्यानं कसं करायचं? बँक उलाढाल बघते, सातबारा बघते, पण हे मशीन तो जॉब करेल का, हे कुणीच बघत नाही. केंद्राच्या लघुउद्योग समूह विकास योजनेत सामाईक सुविधा केंद्राला पैसा मिळतो. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था आपल्याच राज्यात प्रशिक्षण देते. मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यासाठी वातानुकूलित मोजमाप खोली, एक फाइव्ह-ॲक्सिस आणि दोन पक्के प्रोग्रामर असं केंद्र आपल्या संघटनांनी एकत्र येऊन का मागू नये? छोट्या उद्योजकानं आधी तिथं तासाच्या भाड्यानं जॉब काढावा, ऑर्डर टिकते का बघावं, मगच कर्ज घ्यावं. आणि कर्ज देताना बँकेनं चाचणी-कटाचा रिपोर्ट मागावा. याला नवा कायदा लागत नाही.

काही जण म्हणतील, एवढं बघत बसलो तर ऑर्डर राजकोटला जाईल. खरं आहे, थांबण्यातही धोका आहे. मी थांबा म्हणत नाही. पंधरा दिवसांची चाचणी आणि सात वर्षांचे हप्ते, यांची तुलना करा म्हणतोय.

मित्राचं पुढं काय झालं? त्यानं तिघांनाही ड्रॉइंग पाठवलं. एकानं "या की, कापून दाखवतो" म्हणून तारीख दिली. दुसरा म्हणाला, आधी बयाणा द्या. तिसऱ्यानं अजून फोन उचललेला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं स्टेनलेसचे तुकडे डिकीत टाकून निघतोय. आणि हो, काल त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. म्हातारा एवढंच म्हणाला, "बैल घेताना आदी नांगराला जुपून बगत हुतो की आमी."

ज्यांनी फाइव्ह-ॲक्सिस घेतलंय त्यांनी आपला खरा अनुभव कमेंटमध्ये लिहा. फसला असाल तर तेही लिहा, नाव नको. पुढच्या पोरग्याचं घर वाचेल.