पोशाख तिचा, निर्णयही तिचाच

'माझ्या मांड्या जाड आहेत, मी पाण्यात कशी उतरू?' असं विचारणाऱ्या मुलीला आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. अम्मी म्हणते, 'नकोच जाऊस.' बाहेरचे पुरोगामी म्हणतात, 'बुर्किनी म्हणजे गुलामी.' ती पोहायला शिकते की नाही, याच्याशी दोघांनाही देणंघेणं नाही.

२०१६ मध्ये फ्रान्सच्या अनेक किनारी शहरांनी बुर्किनीवर बंदी घातली. त्यातली व्हिलनव्ह-लुबे इथली बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्टला स्थगित केली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाला बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून १५०० युरो दंड झाला. तिथे कापड जास्त झालं म्हणून शिक्षा, आपल्या घरांत कमी झालं म्हणून.

तलावाने फक्त कापडाचा प्रकार बघावा. सुती सलवार-कमीज भिजून जड होते, पायात गुंतते. नायलॉनचा, अंगाला नीट बसणारा पोशाख हवा. बाह्या किती, पाय किती झाकायचे, हे तिचं ती ठरवेल. श्रद्धेने ठरवेल किंवा संकोचाने. कारण सांगायला ती बांधील नाही.

भावांनो, तिच्या कपड्यांवर बैठका पुरे झाल्या. मागायचंच असेल तर महिलांसाठी सोयीची वेळ आणि महिला प्रशिक्षक मागा.