ब्युटेनमधलं लोणी

पंचवटीतल्या माझ्या अकरावीच्या वर्गात मुलं ‘ब्युटेन म्हणजे चार कार्बन’ घोकतात. का, ते कुणी सांगितलेलंच नसतं. ग्रीक ‘बूट्युरॉन’ म्हणजे लोणी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोण्यातून एक आम्ल वेगळं केलं, ते ब्युटिरिक. खवट लोण्याचा उग्र वास त्याचाच. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ अणू, म्हणून ४ कार्बनच्या वायूचं नाव ब्युटेन. घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेनसोबत तोच असतो. एवढं सांगितलं की घोकंपट्टी संपते आणि प्रश्न सुरू होतात. म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे: पाठ्यपुस्तकात प्रत्येक नव्या संज्ञेखाली तिचं मूळ एका ओळीत छापा. विज्ञान माणसांनी घडवलं, हे मुलांना त्यातूनच कळेल.