पाण्याला मालक अनेक, प्रवाशाला वाली नाही

मराठवाड्यात पर्यटनाची चर्चा निघाली की नाथसागरात बोटिंगचा विषय निघतोच. तसे होणे स्वाभाविक आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या मागे नाथसागराचे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरते, आणि धरणाचे दरवाजे उघडले की छत्रपती संभाजीनगरचे निम्मे शहर पैठणच्या रस्त्याला लागते. एवढे पाणी उशाशी असताना त्यावर फेरफटका मारावा, असे कोणालाही वाटेल. या मागणीला आमचा विरोध नाही. मात्र पहिली मोटरबोट पाण्यात सुटण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. बोट उलटली, तर जाब कोणाला विचारायचा?

आजची वाटणी पाहा. धरण आणि पाणी जलसंपदा खात्याचे. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य, म्हणून त्यावर वनखात्याचा अंमल. पर्यटनाच्या योजना पर्यटन खात्याच्या आणि महामंडळाच्या. बोटींची नोंदणी व तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, ज्याचे मुख्यालय मुंबईत. काठावरची गर्दी पोलिसांची. हक्क सांगायला इतके दावेदार असले, तरी बोटीत बसलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी यांपैकी कोणा एकावर नाही. अपघातानंतर चौकशी समिती नेमली जाते, आणि प्रत्येक खाते शेजारच्या खात्याकडे बोट दाखवते.

कायदा नाही, अशी सबब कोणी सांगू नये. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून केंद्राने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. यांत्रिक बोटीची नोंदणी, सर्वेक्षण, पात्र चालक आणि विमा हे सारे त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच बोट सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. महाराष्ट्राचे साहसी पर्यटन धोरणही २०२१ चे आहे. कागद भरपूर आहेत. काठावर उभा राहून ‘ही बोट सुटणार नाही’ असे सांगणारा माणूस तेवढा नाही.

तो नसला की काय होते, हे आपण पुन्हा पुन्हा पाहिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव महापालिकेचा, बोटिंग ठेकेदाराचे, माणसे क्षमतेपेक्षा जास्त आणि लाइफ जॅकेट मोजक्याच मुलांच्या अंगावर. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जण बुडाले. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात प्रवरेत शोधकार्य करणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून तीन जवानांनी प्राण गमावले. हीच प्रवरा पुढे गोदावरीला मिळून नाथसागरात येते. जिथे प्रशिक्षित जवानांचाही निभाव लागला नाही, तिथे सुट्टीला आलेल्या कुटुंबाचे काय? १८ डिसेंबरला मुंबईत नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळून १५ जण दगावले. नीलकमलला ८४ प्रवाशांची परवानगी होती. बोटीत शंभरहून अधिक माणसे होती.

नाथसागर वरून संथ दिसतो, पण तो फसवा आहे. फुगवट्याच्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नाही, त्यामुळे वळवाच्या एका झोतात आखूड, उभ्या लाटा उठतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे काठ, झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. मासेमारांची जाळी असतातच. पंखा त्यात अडकला की इंजिन बंद पडते आणि बोट लाटांना आडवी होते. मे महिन्यात शाळांची सुट्टी, वळवाचा वारा आणि उतरलेले पाणी या तिन्ही गोष्टी एकदम येतात. म्हणजे सुट्टीची गर्दी असते, तेव्हाच धोकाही सर्वांत मोठा असतो.

म्हणून बोट चालवणे म्हणजे नुसते सुकाणू धरणे नव्हे. इंजिन थांबवणारी दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली हवी. तो पाण्यात पडला तर इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे, नाहीतर चालकाविना बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. कोणी पाण्यात पडले, तर त्याला वर घेण्यापूर्वी इंजिन बंद करायचे, कारण फिरता पंखा क्षणात पाय कापतो. लाटांना बोटीचे नाक द्यायचे, कूस नाही. फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले की लहान बोट कलंडते, म्हणून प्रवाशांना बसवून ठेवणे हेही चालकाचेच काम. धरणाच्या भिंतीपासून व दरवाजांपासून दूर राहणे, अंधार पडण्यापूर्वी परतणे आणि दारूला स्पर्श न करणे, यांत सवलत नको. दुचाकीला परवाना मागणारे सरकार वीस जिवांचा भार वाहणाऱ्या नावाड्याला प्रत्यक्षात मोकळे सोडते, हे समर्थनीय नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नाथसागरासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकाराखाली एकच जबाबदार अधिकारी नेमा आणि त्याचे नाव काठावर फलकावर लावा. बोटीच्या दोन्ही बाजूंना प्रवासीक्षमता ठळक मराठीत रंगवा. हवामान खात्याचा वादळाचा इशारा असेल त्या दिवशी बोटिंग बंद ठेवा, ठेकेदाराचे नुकसान झाले तरी. बचावाची बोट आणि पोहणारे जवान काठावर हजर नसतील, तर प्रवासी बोटही सोडू नका. चालकांचे प्रशिक्षण स्थानिक मच्छीमार तरुणांना द्या. या पाण्याची नस त्यांना ठाऊक आहे. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीविना एकही इंजिन सुरू होता कामा नये. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचा निवारा आणि शहराचे पिण्याचे पाणी, दोन्ही याच जलाशयात आहेत. हे जमणार नसेल, तर बोटिंगचा हट्ट सोडावा.

प्रवाशांनीही एवढे करावे. लाइफ जॅकेट बोटीत ठेवलेले असून चालत नाही, ते अंगावर आणि पट्टे आवळलेले हवे. लहान मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट मिळत नसेल, तर तिकिटाचे पैसे परत मागा. बोट भरली आहे असे दिसले, तर उतरा. पुढच्या फेरीची वाट पाहण्यात फक्त अर्धा तास जातो.