कोलाडला राफ्टिंगला निघालात? पाऊच नंतर घ्या, आधी चार प्रश्न विचारा

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि थोडी रागात लिहिली आहे. ज्यांच्या घरातलं कोणी या शनिवार-रविवारी पहिल्यांदा राफ्टिंगला चाललंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

भाच्याच्या ऑफिसातली बारा जणं कुंडलिकेत उतरणार आहेत. मी पेणचा, म्हणून मामाला ग्रुपमध्ये घेतलं, वाटेत नाश्ता कुठे बरा मिळतो ते सांगायला. आठ दिवस तो ग्रुप वाचतोय. मोबाइलचा वॉटरप्रूफ पाऊच, सगळ्यांचे सारखे टी-शर्ट, रील कोण काढणार, आदल्या रात्री कॅम्पवर 'बसायची' सोय आहे का. आणि सगळ्यात जास्त मेसेज कशावर? माणशी दोनशे रुपये कोण कमी करतो यावर. शेवटी एक जण सापडला. त्याने सांगितलं, पोहता येत नसलं तरी नो प्रॉब्लेम, जॅकेट असतं. झाली तयारी!

पोहता येत नसलं तरी चालतं हे खोटं नाही, पण ते अर्धंच वाक्य आहे. जॅकेट मापाचं असेल, पट्टे आवळलेले असतील, हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत असेल, बोटीत शिकलेला गाइड असेल आणि पडलेल्याला उचलायला बाजूने कयाकवाला येत असेल, तर चालतं. आता मला सांगा, ते दोनशे रुपये निघतात कुठून? डिझेल तर स्वस्त झालेलं नाही. जेवणातली भाकरी कोणी कमी करत नाही, कारण ती तुम्हाला दिसते. मग कमी होण्यासारखं राहतं ते तुम्हाला न दिसणारं. जुनी जॅकेटं आणखी एक सीझन चालवायची, तीन बोटींमागे एकच कयाक, नाहीतर तोही नाही. सगळे असं करतात असं मी म्हणत नाही. उत्तम काम करणारी माणसं कोलाडला आहेत, आणि आपली घासाघीस आधी त्यांनाच मारते.

मी शहाणा म्हणून बोलत नाहीये. माझ्या पहिल्या वेळेला मी जॅकेटचा खालचा पट्टा सैल केला होता. कशासाठी? फोटोत पोट दिसतं म्हणून! गाइड तिथल्याच गावातला पोरगा, त्याने दोनदा सांगितलं, "दादा, पट्टा आवला, मंग बसा." मी हो हो केलं. दुसऱ्या की तिसऱ्या खळाळात बाहेर फेकला गेलो. जॅकेट वर सरकून कानापर्यंत आलं, मी त्याच्या आत खाली. नाकातोंडात पाणी. पाय टेकवून उभं राहायचा प्रयत्न केला, जो अजिबात करायचा नसतो. वाहत्या पाण्यात दगडांच्या फटीत पाय अडकला की वरून पाणी तुम्हाला दाबून ठेवतं, मग पाणी कमरेएवढं असलं तरी माणूस जातो. पडलात तर उताणे, पाय पुढे, बोटं पाण्यावर. दोरी फेकली तर हाताने धरा, मनगटाला गुंडाळू नका. हे सगळं त्या पोराने काठावर सांगितलं होतं. मी तेव्हा सेल्फी काढत होतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांनाही नीट माहीत नसते. हे पाणी पावसाचं नाही. घाटावर मुळशीचं धरण आहे, ज्याच्याविरोधात १९२१ ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. पूर्वेला भीमेकडे जाणारं ते पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला आणतात, त्याच्यावर वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. म्हणून तर भर मे महिन्यात राफ्टिंग होतं. वीज बनली तर नदी, नाहीतर नुसते दगड. म्हणजे वेळ तुमची नाही, पाण्याची. सकाळी उशिरा उठून, रात्रीची उतरलेली नसताना, "आमच्यासाठी थांबा ना जरा" म्हणून फोन करणाऱ्यांना मी काय बोलू? आणि मग उशीर झाला म्हणून काठावरची पंधरा मिनिटं कापली जातात, ज्यात सगळं शिकवतात.

राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ ला आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तेव्हा फोनवर सरळ विचारा: नोंदणी आहे का? गाइडने प्रशिक्षण कुठे घेतलं? कयाकवाला सोबत असतो का? विमा आहे का? चिडून फोन ठेवला तर तुमचे पैसे वाचले. आणि स्वतःचंही सांगा. दमा, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, लपवू नका. जीन्स नको, भिजली की ओझं होते. चप्पल नको, पायातून न सुटणारे बूट घाला. चष्म्याला दोरी लावा. मंगळसूत्र, साखळ्या खोलीवर ठेवा. झाली खरेदी.

आता आपल्या रोह्या-पेणवाल्यांसाठी, राग आला तरी चालेल. पाहुण्याला जो जास्त कमिशन देतो त्याच्याकडे पाठवणारे आपणच आहोत. लाइक ठोकण्याआधी तेवढं आठवा. "असं लिहून धंदा बुडवतोस" म्हणणारेही येतील. दादांनो, धंदा एका अपघाताने बुडतो, आणि तेव्हा नीट काम करणाऱ्याच्या बोटीही काठावरच पडून राहतात.

काल ग्रुपमध्ये हेच चार प्रश्न टाकले. दोन तास कोणी काही बोललं नाही. मग एका मुलीने त्या स्वस्तवाल्याला फोन लावला. कयाकचं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, गरज नाही लागत." बुकिंग बदललंय. माणशी साडेतीनशे जास्त गेले, भाचा माझ्यावर नाराज आहे. नाश्त्याचं ठिकाण अजून कोणी विचारलेलं नाही.