जुनी पद्मिनी ‘लो’ करताय? स्प्रिंग कापण्याआधी शॉक बघा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र रील्सवर जोरात आहे. चकचकीत रंग, रुंद अलॉय आणि रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवलेली बॉडी. दिसायला भारीच, पण चालवायला?

माझ्या काकांची पद्मिनी दोन वर्षांपूर्वी अशीच ‘लो’ झाली. गॅरेजवाल्याने पुढच्या कॉइल स्प्रिंगची वेटोळी ग्राइंडरने उडवली, शॉक जुनेच ठेवले. तीन महिन्यांत दोन्ही शॉक गळू लागले. खड्डा आला की आधी काकांचा जीव वर यायचा, मग गाडी.

नेमकं बिघडतं कुठे?

पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. स्प्रिंग वजन पेलते, शॉक तिची उसळी आवरतो. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. आठपैकी एक कापली, तर कडकपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. आधीच थकलेला शॉक तिला आवरू शकत नाही.

दुसरी अडचण जागेची. समजा, शॉकला दाबायला ८ सेंटिमीटर वाव होता आणि गाडी खाली आल्याने त्यातले ५ गेले. उरले फक्त ३. मग प्रत्येक खड्ड्यात पिस्टन तळाला आपटतो आणि सील जातं.

शॉक निवडताना काय बघाल?

लांबी : गाडी उभी असताना, चाक पूर्ण वर आणि चाक पूर्ण खाली, अशी तीन मापं घ्या. चाक वर गेल्यावर आधी रबरी बम्प स्टॉप टेकला पाहिजे, शॉक नव्हे. चाक लोंबकळताना स्प्रिंग जागेवरून सैल होता कामा नये.

डॅम्पिंग : स्प्रिंग २० टक्के कडक असेल, तर डॅम्पिंग साधारण १० टक्के जास्त पुरतं. सगळ्यात कडक शॉक म्हणजे सगळ्यात चांगला, हा गैरसमज आहे.

मागची बाजू : पाटे एकमेकांवर घासतात, तेही थोडं डॅम्पिंगच. तिथे फार कडक शॉक लावला, तर खराब रस्त्यावर मागचा भाग उड्या मारतो.

बाकी : जुने बुश बदला. शेवटी अलाइनमेंट करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर किंवा ब्रेकचा होज कुठे घासत नाही ना, हे तपासा.

ॲडजस्टेबल शॉक घेतला म्हणजे सुटलो, असं नाही. त्याने डॅम्पिंग बदलतं, चुकलेली लांबी नाही.

मग किती खाली?

माझं मत : एक इंच पुरे. भारतीय मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आहे. आपल्या गल्लीतले गतिरोधक ते मानक किती पाळतात, हे तुम्हीच जाणता.

आणखी एक गोष्ट. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेल्या गाड्या त्यात बसत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता पन्नाशी गाठताहेत. म्हणून बोल्टने बसणारे आणि पुन्हा काढता येणारेच पार्ट घ्या. कापाकापी, वेल्डिंग नको.

आणि मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका. काकांनी दिल्या होत्या. तशाच पुन्हा मिळवायला आम्हाला आठ महिने लागले.