स्वस्त तिकिटाचा शोध : दरापेक्षा कोटा महत्त्वाचा

मैदानात बसून क्रिकेट सामना पाहणे ही मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गाची एकेकाळी सुटीच्या दिवसाची करमणूक होती. आता त्यासाठी महिन्याच्या हिशेबात वेगळी तरतूद करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, तेव्हा साबण आणि लोणी स्वस्त झाल्याच्या बातम्यांच्या गर्दीत एक बदल काहीसा झाकोळला गेला. आयपीएलसारख्या स्पर्धांच्या प्रवेशशुल्कावरील कर २८ टक्क्यांवरून थेट ४० टक्क्यांवर गेला. हजार रुपये मूळ किमतीचे जे तिकीट पूर्वी १,२८० रुपयांना पडत असे, त्याला १,४०० रुपये मोजण्याची वेळ आली. करआकारणीच्या दृष्टीने आयपीएलचा प्रेक्षक आता जुगारगृह आणि घोड्यांच्या शर्यती यांच्या पंगतीत बसला आहे.

याच करव्यवस्थेत एक दुसरी खिडकी मात्र उघडी आहे आणि बहुसंख्य प्रेक्षकांना तिची कल्पना नसते. मान्यताप्राप्त क्रीडा संघटनेने भरवलेल्या आणि जिल्हा, राज्य, विभाग किंवा देश यांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघांच्या सामन्यांना ४० टक्क्यांचा दर लागू होत नाही. अशा सामन्याचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर कर नाही. त्याहून महाग असेल तर १८ टक्के. आयपीएलच्या संघाच्या नावात शहर असते, पण तो शहराचा प्रतिनिधी नव्हे, मालकाचा संघ असतो. हा भेद क्रीडारसिकांनी कधी मनावर घेतला नाही, कर खात्याने घेतला आहे.

चौघांच्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. दीड हजार रुपये मूळ किमतीची चार तिकिटे आयपीएलसाठी करासह ८,४०० रुपयांना पडतात. तीच किंमत आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी असेल तर ७,०८० रुपयांना. पाचशेच्या आतली चार तिकिटे घेतली तर कमाल २,००० रुपये आणि कराचा प्रश्नच नाही. यावर संकेतस्थळाचे सेवाशुल्क आणि त्या शुल्कावरचा कर येतो तो वेगळा. म्हणून जाहिरातीतील किंमत करासह आहे की कराविना, हे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर पोहोचण्याआधीच पाहिलेले बरे. २०२५ च्या हंगामात चेन्नईच्या चेपॉक मैदानावरील आयपीएल तिकिटे १,७०० रुपयांपासून सुरू होत होती. प्रवास आणि खानपान धरले तर चौघांची संध्याकाळ दहा हजारांच्या घरात सहज जाते.

याउलट नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झालेल्या भारत-दक्षिण आफ्रिका कसोटीचे सर्वांत स्वस्त तिकीट दिवसाला ६० रुपये होते. त्याच वर्षी भारतात झालेल्या महिला विश्वचषकाची तिकिटे १०० रुपयांपासून ठेवण्यात आली होती आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विजेतेपद मिळवले. २०२३ मधील पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये तर स्त्रियांना प्रवेश विनामूल्य होता. उत्तम क्रिकेट आणि महाग तिकीट हे समीकरण जाणीवपूर्वक रुजवले गेले आहे. वस्तुस्थिती तशी नाही.

कसोटीच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घेण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२४ मधील पुण्याची, नोव्हेंबर २०२४ मधील वानखेडेवरील आणि वर उल्लेखिलेली ईडनची, या तिन्ही कसोटी तिसऱ्याच दिवशी संपल्या. तिन्ही भारताने गमावल्या, तो भाग निराळा. फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीची चाहूल असेल आणि दिवसागणिक तिकिटे मिळत असतील, तर पाच दिवसांचा पास घेण्यापेक्षा पहिल्या तीन दिवसांतला एखादा दिवस निवडणे शहाणपणाचे. चौथ्या दिवसाचे तिकीट काढून घरी बसण्याचा योग अनेकांच्या नशिबी आला आहे.

आणि ज्यांना केवळ क्रिकेट पाहायचे आहे, त्यांच्यासाठी रणजी करंडक आहे. या सामन्यांना बहुधा प्रवेशशुल्क नसते. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध खेळला, तेव्हा विनामूल्य प्रवेशासाठी पहाटेपासून रांगा लागल्या. कोहली अवघ्या सहा धावांवर त्रिफळाचित झाला. त्याच महिन्यात रोहित शर्मा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला होता. विदर्भाने मार्च २०२५ मध्ये जामठ्याच्या घरच्या मैदानावर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरे रणजी विजेतेपद मिळवले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम संघांच्या फुटबॉल सामन्यांना जो जनसमुदाय लोटतो, तोही काही खिशाला भोक पाडून येत नाही.

तिकिटावर वाचवलेले पैसे बाहेर कसे जातात, हा स्वतंत्र विषय आहे. वानखेडे या बाबतीत भाग्यवान. चर्चगेट आणि मरीन लाइन्स ही दोन्ही स्थानके पायी अंतरावर आणि विरारहून येणाऱ्याचे द्वितीय श्रेणीचे भाडे एका वडापावाहूनही कमी. रात्रीचा सामना साडेअकराच्या सुमारास संपला तरी शेवटच्या लोकल हाताशी असतात. गहुंज्याची गोष्ट उलटी. द्रुतगती मार्गालगतच्या या मैदानावर जायचे तर स्वतःचे वाहन किंवा भाड्याची गाडी, शिवाय बहुतेक प्रेक्षागारांवर छप्पर नाही. २०२४ च्या कसोटीत पहिल्याच दिवशी तेथे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. प्रेक्षकांनी घोषणा दिल्या आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. घरून बाटली आणायची बंदी आणि आत पाणी नाही, ही अवस्था स्वस्त तिकिटालाही महाग करते. चेन्नईत आयपीएलचे तिकीट दाखवून मेट्रोने मोफत प्रवास करण्याची सोय २०२५ मध्ये होती. पुण्याच्या आयोजकांनी निदान स्थानकापासून बसगाड्यांचा तरी विचार करायला हरकत नाही.

येथवरच्या गोष्टी प्रेक्षकाच्या हातातल्या. खरी गोम अशी की, स्वस्त तिकिटे अस्तित्वात असूनही ती खुल्या विक्रीला येतातच किती? २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. आसनक्षमता सुमारे ३३ हजार. सर्वसामान्यांसाठी तिकिटे अवघी चार हजार. उरलेली संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना, भारतीय मंडळ, प्रायोजक यांच्यात वाटली गेली. खुल्या विक्रीचा वाटा आठव्या हिश्श्याहूनही कमी असेल, तर पहाटे उठून संगणकासमोर बसणाऱ्याच्या चिकाटीला फारसा अर्थ उरत नाही.

गंमत म्हणजे वानखेडे स्टेडियमचा जन्मच तिकीटवाटपाच्या भांडणातून झाला. ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे होती आणि सामने भरवणाऱ्या मुंबई क्रिकेट संघटनेला किती जागा मिळाव्यात यावरून दोहोंत वर्षानुवर्षे खटके उडत. अखेर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने जवळच स्वतःचे मैदान उभारले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. संघटनेला हक्काच्या जागा मिळाल्या. नॉर्थ स्टँडमधल्या माणसाच्या वाट्याचा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

कोट्यातली तिकिटे अनेकदा काळ्या बाजारात पोहोचतात, हा आरोप जुना आहे. २०२३ च्या विश्वचषकात ईडनवरील सामन्याच्या तिकिटांचा काळा बाजार इतका वाढला की, कोलकाता पोलिसांनी अटकसत्र राबवले आणि बंगालच्या संघटनेसह तिकीटविक्री करणाऱ्या कंपनीलाही नोटिसा धाडल्या. त्याच स्पर्धेचा अहमदाबादमधील सलामीचा सामना मात्र हजारो रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. एकीकडे तिकीट मिळत नाही आणि दुसरीकडे खुर्ची रिकामी, याचे स्पष्टीकरण मागणी-पुरवठ्याच्या नियमात सापडणार नाही. समाजमाध्यमांवर ‘जादा तिकीट आहे’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवणे हा बचतीचा नव्हे, फसवणूक ओढवून घेण्याचा मार्ग आहे.

दर कमी ठेवणे आयोजकांना परवडत नाही, असे म्हणण्यासही जागा नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. या रकमेपुढे तिकीट खिडकीवरचे उत्पन्न किरकोळ ठरते, आणि दूरचित्रवाणीवर जो जल्लोष विकला जातो तो याच खिडकीतून आत येतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने हे ओळखून २०१६-१७ च्या हंगामापासून पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. आपल्याकडे सामन्यागणिक किती आसने खुल्या विक्रीला आहेत आणि किती कोट्यात गेली, एवढा आकडा विक्री सुरू होण्यापूर्वी जाहीर करण्याची सक्ती झाली तरी बराच धुरळा खाली बसेल. त्यासाठी सरकारला तिजोरीतून एक पैसाही काढावा लागणार नाही.

एक व्यावहारिक बाब राहिली. एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला तर पैसे परत मिळण्याची शक्यता असते. खेळ सुरू होऊन थांबला तर सहसा नाही. १७ मे २०२५ रोजी बेंगळुरूमध्ये बंगळूर-कोलकाता सामना पावसाने धुऊन निघाला, तेव्हा यजमान संघाने तिकिटाची रक्कम परत केली, मात्र छापील तिकीट घेतलेल्यांना मूळ तिकीट सादर करण्यास सांगितले. प्रवेशद्वारावर फाडून उरलेला तुकडाही घरी पोहोचेपर्यंत खिशात ठेवावा.